रोप उपटून दाखवा : मोबाईलवरचा व्हिडिओ आणि आपल्या मालाची विक्री



गेल्या आडसाली लागणीच्या वेळची गोष्ट. जुलैचा तिसरा आठवडा होता. आपल्याच कार्यक्षेत्रातील एका सभासदाच्या ऊस रोपवाटिकेवर मी नेहमीच्या फेरीला गेलो होतो. शेडनेटखाली चाळीस हजार रोपे ट्रेमध्ये उभी. पाच बाय दोन फुटांवर एकरी ४,३५६ रोपे बसतात. म्हणजे नऊ एकरांची लागण तिथे खोळंबून राहिलेली. ज्या बागायतदाराने सगळी रोपे बोलून ठेवली होती त्याने, पाऊस उघडत नाही, रानात वाफसा नाही, म्हणून ऐनवेळी नकार कळवला होता. रोपांचे वय २८ दिवस. ज्यांनी रोपे केली आहेत त्यांना पुढचे सांगायला नको. आणखी दोन आठवडे गेले की मुळ्या कपातच गुंडाळायला लागतात, पाने पिवळी पडतात, आणि मग ते रोप फुकट दिले तरी कोणी नेत नाही. बेण्याचा ऊस, कोकोपीट, डोळे काढणाऱ्या बायांची मजुरी, सगळा खर्च होऊन गेलेला आणि त्यावर सोसायटीचे कर्ज.

मी म्हटले, "वहिनी, चार गावांत निरोप तरी पाठवा."

त्या म्हणाल्या, "साहेब, व्हिडिओ टाकलाय की! हजारभर लोकांनी बघितला. फोन एक नाही."

तो व्हिडिओ मी तिथेच उभ्याने पाहिला. सव्वाचार मिनिटांचा होता. जिल्ह्याच्या गावाहून एका माणसाला बोलावून, सहा हजार रुपये देऊन काढून घेतलेला. सुरुवातीला पेटत्या अक्षरांत नाव, मग सिनेमाचे गाणे, मग आकाशातून घेतलेली दृश्ये, त्यात ऊस, विहीर, बंगला, ट्रॅक्टर सगळे आले. शेवटी "एक वेळ अवश्य भेट द्या." चित्रण छान होते, नाही असे नाही. पण रोप कसे आहे ते त्यात कुठेच नव्हते. जात कोणती, वय किती, दर काय, किती शिल्लक आहेत, काही नाही. लग्नाच्या कॅसेटसारखा प्रकार. मला वाटते, ज्या एक-दोघांनी तो शेवटपर्यंत पाहिला असेल त्यांनी आकाशातून फोटो काढणाऱ्याचाच पत्ता विचारला असता.

मी वहिनींना एकच विचारले. गिऱ्हाईक तुमच्या दारात आले की पहिल्यांदा काय करते? त्या हसल्या. "काय करणार? पुढच्या ट्रेला हात लावत नाही. मधे जातो, एक रोप उपटतो, मुळ्या बघतो. मग विचारतो, बेणं कुठलं."

मी म्हटले, मग हेच दाखवा की.

बंधूंनो, या लेखात सांगायचे ते एवढेच आहे, आणि बाकी सगळे त्याचा विस्तार आहे. शेतकी डिप्लोमाला असताना आम्हाला विस्तार शिक्षणाच्या तासाला दोन प्रकारची प्रात्यक्षिके शिकवली होती. एक पद्धतीचे, म्हणजे बेणेप्रक्रिया अशी करा हे हाताने करून दाखवायचे. दुसरे निकालाचे, म्हणजे शेजारीशेजारी दोन प्लॉट उभे करून फरक डोळ्यांनी पाहू द्यायचा. भाषण कितीही दिले तरी शेतकरी हलत नाही, पण बांधावर उभे राहून पाहिले की पटते, हा आमच्या खात्याचा जुना अनुभव. विक्रीचा व्हिडिओ हेही एक प्रात्यक्षिकच आहे. फरक इतकाच की बांधावर यायच्या आधी गिऱ्हाईक ते खिशातल्या फोनवर पाहते.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींच्या थोरल्या मुलीने घरच्याच फोनवर दुसरा व्हिडिओ काढला. सगळा मिळून पंचावन्न सेकंदांचा. वहिनी ट्रेच्या रांगेत मधे जातात, एक ट्रे ओढतात, त्यातलेही मधलेच रोप उपटतात, कोकोपीट झटकून पांढऱ्या मुळ्या कॅमेऱ्यासमोर धरतात, आणि बोलतात : "को ८६०३२ आहे. बेणं आमच्याच बेणेमळ्यातलं, दहा महिन्यांचं. आज २९ वा दिवस. चाळीस हजार शिल्लक. जागेवर सव्वादोन रुपये. पाऊस उघडला की लगेच लावा, आठ-दहा दिवसांच्या पुढं मी देणार नाही, कारण मग मुळ्या गुंडाळतात." शेवटी गावाचे नाव, तालुका, फोन नंबर आणि त्या दिवसाची तारीख.

हे शेवटचे वाक्य घालावे की नाही यावर त्यांच्या घरात बरीच वादावादी झाली. मालकांचे म्हणणे, आपणच आपल्या मालाचा दोष कशाला सांगायचा? पण मला विचाराल तर सगळ्या व्हिडिओत कामाचे वाक्य तेच होते. दोन दिवसांत अकरा फोन आले, आणि त्यांतल्या तिघा-चौघांनी सुरुवातच केली, "ते मुळ्या गुंडाळतात म्हणणाऱ्या ताई तुम्हीच का?" पावसाने दोन दिवस उघडीप दिली. एकतीस हजार रोपे गेली. उरलेली नऊ हजार काही त्यांनी स्वतःच्या रानात तुटाळी भरायला वापरली, काही टाकून दिली. म्हणजे नफा झाला असे नाही, पण कर्ज फिटले आणि ट्रे रिकामे झाले. शंभर टक्के यश आले असे मी लिहिले असते तर तुम्हीही विश्वास ठेवला नसता.

अशी युक्ती काही आपण पहिल्यांदा काढली असे नव्हे. अमेरिकेत युटा राज्यात ब्लेंडटेक नावाची मिक्सर बनवणारी कंपनी आहे. तिचा मिक्सर चारशे डॉलरच्या घरात, म्हणजे महाग, आणि नाव फारसे कोणाला माहीत नव्हते. २००६ साली तिथे नव्याने आलेल्या जॉर्ज राइट या विक्री अधिकाऱ्याला कारखान्यात एके ठिकाणी फरशीवर लाकडाचा भुसा पडलेला दिसला. चौकशी केली तेव्हा कळले की मालक टॉम डिक्सन हे मिक्सर किती दणकट आहे ते पाहण्यासाठी त्यात लाकडाचे तुकडे घालून दळतात, आणि हे नेहमीचेच आहे. राइट यांनी पन्नास डॉलर खर्चून काचेच्या गोट्या, बागेतला दाताळे, असले सामान आणले, मालकांना पांढरा कोट चढवला आणि "हे दळले जाईल का?" अशा अर्थाच्या नावाने छोटे व्हिडिओ यूट्यूबवर टाकले. काही दिवसांतच ते लाखो लोकांनी पाहिले. पुढे त्यांनी आयफोनसुद्धा दळून दाखवला. लोक हसले, पण हसता हसता मिक्सर मजबूत आहे हे त्यांच्या डोक्यात पक्के बसले. मला यात महत्त्वाचे वाटते ते हे की त्यांनी जाहिरातीसाठी नवीन काहीच केले नाही. जी परीक्षा दाराआड रोज चालत होती ती दारात आणून केली. आपल्या वहिनींनी केले ते याहून वेगळे नाही.

आता खर्चाचे. १९७६ साली श्याम बेनेगल यांनी "मंथन" हा चित्रपट काढला तेव्हा गुजरातच्या सहकारी संघातील पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घातले होते. सहकाराची गोष्ट पडद्यावर यावी म्हणून इतक्या लोकांना एकत्र यावे लागले, कारण कॅमेरा, फिल्म, धुलाई, सगळेच महाग. आज तो कॅमेरा आपल्या घरात पोराच्या हातात आहे आणि रात्री उशाला ठेवून आपण झोपतो. तेव्हा पैशाची अडचण राहिली नाही. जे दोन-चारशे रुपये खर्च करायचे ते मात्र कशावर करायचे हे नीट पाहावे.

माझे मत विचाराल तर पहिला पैसा आवाजावर. चित्र थोडे अंधुक चालते; बोललेले कळले नाही तर माणूस पाचव्या सेकंदाला पुढे सरकतो. माझा स्वतःचा पहिला व्हिडिओ मी उभ्या उसात काढला होता, खोडव्यात पाचट ठेवण्याबद्दल. घरी येऊन ऐकतो तर माझा शब्द एक नाही, नुसती पानांची सळसळ आणि लांबवर कोणाची तरी मोटर. उसाचे रान डोळ्यांना शांत वाटते, पण माईकला तिथे बाजार भरल्यासारखे ऐकू येते. तेव्हा कॉलरला लावायचा वायरचा साधा माईक घ्यावा, त्यावर स्पंजची टोपी असावी. तोही नसेल तर दुसरा फोन शर्टाच्या वरच्या खिशात ठेवून त्यावर आवाज ध्वनिमुद्रित करावा. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवावी, म्हणजे नंतर चित्र आणि आवाज जुळवताना टाळीवर टाळी बसवता येते. वाऱ्याकडे पाठ करून बोलावे. मोटर चालू असेल तर थांबावे.

उजेडाला पैसा लागत नाही. सकाळी आठ ते दहा किंवा दुपारी चारनंतर काढावे, आणि सूर्य फोन धरणाऱ्याच्या पाठीशी किंवा बाजूला असावा. भर दुपारी टोपीची सावली चेहऱ्यावर पडते, माणूस ओळखू येत नाही. शेडनेटखाली हिरवट उजेड असतो, त्यात चांगले रोपही आजारी दिसते. सबब रोप हातात घेऊन नेटच्या कडेला यावे. काढण्यापूर्वी फोनची काच धोतराच्या नाहीतर साडीच्या स्वच्छ पदराने पुसावी. हसू नका, निम्मे धुरकट व्हिडिओ बोटाच्या डागाने झालेले असतात. फोन हातात हलत असेल तर दोन ट्रे एकावर एक ठेवून त्याला टेकवून उभा करावा.

बोलायचे काय ते आधी कागदावर लिहावे, पण वाचून दाखवू नये. वाचायला लागले की आपला माणूस एकदम बातम्या सांगू लागतो. सुरुवात "नमस्कार मंडळी, आज आपण पाहणार आहोत" अशी करू नये. तेवढ्यात पाहणारा निघून जातो. पहिल्याच क्षणी हातात रोप, गूळ, अवजार, जे विकायचे ते दिसावे. एका व्हिडिओत एकच शंका फेडावी. बरेच लोक आवाज बंद ठेवून पाहतात, म्हणून जात, दर, गाव, नंबर ही मोठ्या मराठी अक्षरांत वर लिहावी. हे फोनमधल्या फुकट ॲपवर होते, कॉलेजच्या पोरांना विचारा. सिनेमाचे गाणे लावू नये. एक तर ते दुसऱ्याच्या मालकीचे, यूट्यूब आवाज बंद करते किंवा व्हिडिओच अडवते. आणि दुसरे, आपल्या बोलण्यावर ते कुरघोडी करते.

आणि बोलावे आपल्या भाषेत. बंगळूरजवळच्या खेड्यांत २००६ सालापासून मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातील काही मंडळींनी "डिजिटल ग्रीन" नावाचा प्रयोग सुरू केला. गावातल्याच शेतकऱ्यांचे साधे व्हिडिओ काढायचे आणि तेच आजूबाजूच्या गावांत दाखवायचे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात, नेहमीच्या विस्तार कामाच्या तुलनेत हा मार्ग खर्चाच्या मानाने दहापट परिणामकारक ठरला असे दिले आहे. पण त्या आकड्यापेक्षा मला त्यातली एक बारीक नोंद आवडली. व्हिडिओ पाहून झाला की शेतकरी बहुधा पहिल्यांदा विचारायचे, हा कोण, आणि कोणत्या गावचा? म्हणजे सल्ला पटायच्या आधी माणूस आपल्यातला आहे का ते पाहिले जाते. आमच्या खात्याच्या माणसाने साहेबी मराठीत सांगितलेले आणि बांधावरच्या वहिनींनी सांगितलेले यात वहिनी जिंकतात, हे मी कबूल करतो.

गुळाचे थोडेसे. (नोंदीचा ऊस कारखान्याला यायचा, हे आमच्या चिटबॉयपासून सगळ्यांना ठाऊक आहे. तरी काही सभासद थोड्या क्षेत्रावर घरच्या गुऱ्हाळाचा गूळ करून पुण्या-मुंबईला पाठवतात, त्यांच्यासाठी.) शहरातल्या गिऱ्हाइकाला गुळाबद्दल एकच शंका असते, यात काय घातले आहे? आणि त्यात गंमत अशी की हायड्रॉस पावडर घालून पिवळाधमक केलेला गूळ त्याला चांगला वाटतो आणि आपला तांबूस गूळ पाहून तो नाक मुरडतो. तेव्हा रंग लपवायच्या ऐवजी त्यावरच बोलावे. काहिलीत भेंडीचा रस टाकताना, वर आलेली मळी झाऱ्याने काढताना दाखवावे, आणि पिवळी व तांबूस अशा दोन ढेपा शेजारी ठेवून हा असा का आणि तो तसा का हे सांगावे. एका सभासदाने असा व्हिडिओ केला आहे. पाहणारे फार नाहीत, दोन-तीनशे असतील, पण मुंबईच्या एका सोसायटीतील बिऱ्हाडे दर दिवाळीला त्याच्याकडूनच घेतात.

मात्र गूळ खाऊन मधुमेह बरा होतो, असले काही बोलू नये. ते खोटे आहे आणि कायद्यालाही चालत नाही. खाण्याचा माल विकायचा तर अन्न सुरक्षा कायद्याखालची नोंदणी करून घ्यावी व तिचा चौदा आकडी क्रमांक पाकिटावर छापावा. तसेच रोपांच्या बाबतीत "एकरी शंभर टनांची हमी" देण्याचा मोह आवरावा. टनेज रोपावर किती आणि खत-पाण्यावर किती हे मी तुम्हाला शिकवायला नको. हमी दिलेला व्हिडिओ गिऱ्हाईक जपून ठेवते आणि बरोबर पुढच्या गळीत हंगामात काट्यावरची पावती घेऊन दारात येते. तशी एक तक्रार मिटवायला मला स्वतःला जावे लागले आहे.

तारखेचेही तसेच. व्हिडिओ एकदा लोकांच्या फोनवर गेला की तो परत बोलावता येत नाही. "रोपे शिल्लक आहेत" असे तारीख न घालता सांगितलेला एक व्हिडिओ दीड वर्षाने पुन्हा फिरू लागला आणि रोपवाटिका बंद असताना त्या घरच्या म्हाताऱ्या आईला दिवसाला वीस फोन घ्यावे लागले. तारीख तोंडाने बोलावी आणि लिहावीही.

"साहेब, यूट्यूब पैसे देतं म्हणे?" हा प्रश्न दर बैठकीत येतो. देते, पण त्याच्या जाहिरातीतला वाटा मिळायला निदान एक हजार वर्गणीदार आणि वर्षभरात चार हजार तासांचे पाहणे लागते. त्या नादी लागला की माणूस रोपे विकायची सोडून विहिरीत उड्या मारल्याचे व्हिडिओ टाकायला लागतो. आपल्याला दोन लाख प्रेक्षक नकोत. आपली रोपे टेम्पोत घालून तासा-दीड तासात जिथे पोचतात तेवढ्या टापूतले दोनशे लागण करणारे पुरेत. म्हणून पाणीपुरवठा संस्थेचा गट, दूध डेअरीचा गट, ट्रॅक्टरवाल्यांचा गट, अशा व्हॉट्सॲप गटांत आधी टाकावे, तेही दिवसातून एकदा. यूट्यूबवर ठेवावा तो अशासाठी, की कोणी नाव विचारले तर दाखवता येतो. लांबचे गिऱ्हाईक आले तर जपून. नव्वद किलोमीटरवर गेलेली काही रोपे क्रेटमध्ये दाबून मोडली, तेव्हा वहिनींनी पुढचा व्हिडिओ रोपे कशी भरायची यावरच केला. तक्रारीतून व्हिडिओ निघतो तो असा.

एक धोका मात्र ठळक सांगतो. नंबर जाहीर केला की चोरही फोन करतात. "मी फौजेत आहे, कॅम्पला दोनशे किलो गूळ पाहिजे, पैसे आगाऊ पाठवतो, हा कोड स्कॅन करा." आपल्या एका सभासदाने स्कॅन केला, पिन टाकला आणि खात्यातून अठरा हजार गेले. पैसे घ्यायला कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही लागत नाही. पिन मागितला की पैसे आपले जाणार, हे घरातल्या पोराबाळांनाही सांगून ठेवा. तरी फसगत झालीच तर त्याच तासाला १९३० वर फोन करावा. उशीर झाला की रक्कम अडवता येत नाही.

सुरू हंगामाच्या लागणी तोंडावर आहेत. रोपवाटिका, गूळ, काकवी, शेळ्या, अवजारे, ज्यांना जे विकायचे असेल त्यांनी दर शनिवारी दुपारी चार वाजता आपापल्या गट ऑफिसात यावे. फोन चार्ज करून आणावा, विकायच्या मालातली एक वस्तू बरोबर आणावी (शेळी आणल्यास बाहेर बांधावी). एका वेळी पाचच जणांचे काम होते, म्हणून आदल्या दिवशी चिटबॉयकडे नाव द्यावे. मागचे दोन शनिवार वहिनींची मुलगी शिकवायला आली होती. त्यांच्याकडे या खेपेस बावीस हजार रोपे आधीच बोलली गेली आहेत. उरलेल्यांचा व्हिडिओ मात्र अजून काढलेला नाही. मी विचारले तर त्या म्हणाल्या, "रोपं अठराच दिवसांची आहेत साहेब, आत्ता उपटून काय दाखवू?"

आपला,
ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते